दहा वजा

मित्रांनो, साल होते एकोणीसशे एक्क्याऐंशी आणि महिना मार्चचा. त्या महिन्यात एक चांगले जाणते झाड माझ्यापायी जाता जाता वाचले. चूक माझी नव्हती, पण माझ्यावाचून ती झालीही नसती. इतकी वर्षे लोटली, तरी त्या सकाळची आठवण आली की माझ्या अंगातल्या तारा अजून ताठ होतात.

मी एक जुनी मोजफीत आहे. बोलताना सगळे मला टेपच म्हणत. लांबी दहा मीटर, अंग सुताचे, आत पितळेच्या बारीक तारा विणलेल्या, वर पिवळे रोगण आणि त्यावर काळे आकडे. दर दहाव्या आकड्याला लाल रंग. टोकाला पितळेची कडी. राहायला गोल कातडी डबी आणि तिच्या बाजूला मला गुंडाळायची दुमडती दांडी. तरुणपणी मी देखणी होते, असे म्हणायला आता हरकत नाही.

ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे शेवटच्या टेबलाशी एक उंच बाई बसत. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. प्रत्येक नवी फीत त्या पोलादी पट्टीशेजारी ताणून धरत आणि केसाएवढा फरक दिसला तरी टोपलीत टाकत. माझ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, दोनदा पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही खरी आहे." तेवढ्या तीन शब्दांवर मी पुढे कितीतरी वर्षे काढली.

तिथून मी एका नगरपालिकेच्या कोठारात आले. आमची नगरपालिका मोठ्या शहराच्या कडेला होती. एकमजली घरे, लोखंडी फाटके, पुढे-मागे अंगण आणि प्रत्येक अंगणात एखाददुसरे झाड, असा तो भाग. सुरुवातीला मला गटारे आणि रस्ते मोजायला नेत. ते दिवस काही सुखाचे नव्हते. चिखलात लोळवायचे, तशीच ओली गुंडाळायची आणि डबीत कोंबायची. माझे काही आकडे तेव्हाच पुसट झाले.

मग झाडांचा कायदा आला आणि माझे नशीब पालटले.

झाले असे की शहरातली गर्दी आमच्या भागाकडे सरकू लागली. कुणाला वरचा मजला हवा, कुणाला दुकानाचा गाळा, कुणाला मोटारीसाठी गॅरेज. आड येई ते झाडच. एका गल्लीत तर एका वर्षात चौदा झाडे गेली आणि त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांनी दुपारी बाहेर पडणे सोडले. तेव्हा कायदा झाला. जमिनीपासून एक मीटर तीस सेंटीमीटर उंचीवर ज्या झाडाचा घेर एक मीटर किंवा त्याहून जास्त भरेल, ते झाड संरक्षित. मालकाच्या अंगणातले असले तरी ते त्याला मनाला येईल तेव्हा तोडता येणार नाही. अर्ज करायचा, झाडावर तीस दिवस नोटीस लावायची, ज्याला हरकत असेल त्याने ती सांगायची आणि मग समिती ठरवणार. एक मीटरहून बारीक झाड मात्र मालकाने नुसते कळवून तोडावे.

म्हणजे बघा, झाडाचे सगळे भवितव्य एका आकड्यावर आले. आणि तो आकडा सांगणारी मी.

मला उद्यान विभागात धाडले. तिथे वृक्ष निरीक्षक म्हणून एक गृहस्थ होते. सारा गाव त्यांना झाडकाका म्हणे. किडकिडीत अंग, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम आणि सायकल. एक मीटर तीस सेंटीमीटर म्हणजे त्यांच्या शर्टाचे तिसरे बटण. झाडाला चिकटून उभे राहायचे, बटणाच्या रेषेत बोट टेकवायचे आणि तिथून मला खोडाभोवती फिरवायचे. लोक हसत. म्हणत, काका झाडाला मिठी मारतात की माप घेतात. काका म्हणत, "दोन्ही. पगार मात्र एकाचाच मिळतो." संध्याकाळी मला मेणाच्या फडक्याने पुसल्याशिवाय ते घरी जात नसत. माझ्या आयुष्यातली ती सोन्यासारखी वर्षे.

आता त्या शेळीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यामुळे घडले.

एका अंगणात काकांनी मला खोडाभोवती घेतले होते. नोंद लिहायला त्यांनी पाठ फिरवली, आणि त्या घरच्या शेळीने माझे टोक तोंडात घेतले. काका धावले. काकांनी मला इकडून ओढले, शेळीने तिकडून. कडी गेली, टोक चघळून चोथा झाले. घरची आजी ओरडली, "अहो, तिला सोडा, तिच्या पोटात दुखेल." माझ्या पोटाचे कुणाला काही नव्हते. काकांनी घरी जाऊन पाते घेतले आणि मला बरोबर दहाच्या लाल आकड्यावर सरळ कापले. म्हणजे मित्रांनो, त्या दिवसापासून माझी सुरुवात शून्याऐवजी दहावर होऊ लागली. मी शंभर दाखवले तर खरे माप नव्वद.

काकांनी नवी फीत मागितली. कोठारातून उत्तर आले की सदर फीत नादुरुस्त नाही, आखूड आहे, सबब बदलून मिळणार नाही. त्या कागदावरून कचेरी आठवडाभर हसली. कुणी काकांना पाहून बें करी, कुणी त्यांच्या टेबलावर पाला ठेवी. काका मनाला लावून घेणारे. पुढे कुणी शेळीचा श काढला तरी ते उठून जात.

पण काम तर चालायला हवे होते. त्या वेळचे हेडक्लार्क हुशार होते. त्यांनी वाट काढली. काकांनी माझ्यावर दिसेल तो आकडा जसाच्या तसा मोठ्याने सांगायचा आणि हेडक्लार्कनी मनात दहा वजा करून नोंदवहीत लिहायचा. सहा वर्षे ही दोघांची जोडी बिनचूक चालली. एकाने बोलायचे, दुसऱ्याने वजा करायचे. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. ती फक्त त्या दोघांना ठाऊक होती, आणि मला.

एक्क्याऐंशीच्या जानेवारीत हेडक्लार्क निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक नवीन कारकून ताई आल्या. पंचविशीच्या, अक्षर मोत्यासारखे, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणाऱ्या. हेडक्लार्कनी जाताना त्यांच्या खणात एक चिठ्ठी ठेवली होती. त्या चिठ्ठीत काय होते ते तुम्हाला लवकरच कळेल. इकडे काकांनी मनाशी विचार केला की बिचारी नवी आहे, तिला कशाला वजाबाकीच्या घोळात टाका. आता आपणच दहा वजा करावे आणि तिला सरळ खरा आकडा सांगावा. शिवाय सांगायला गेले तर शेळीपासून सुरुवात करावी लागणार.

काकांनी काळजी घेतली आणि ताईंनीही काळजी घेतली. दोघेही मनाने चांगली माणसे. प्रत्येक झाडामागे दहा सेंटीमीटर दोनदा वजा होऊ लागले. मला सगळे दिसत होते, आणि तोंड नव्हते.

आता त्या तुतीकडे येऊ.

एका शांत गल्लीच्या टोकाला एक बैठे घर होते. पुढच्या भागात मोटारीचे वेड असलेला एक गृहस्थ राही आणि मागच्या दोन खोल्यांत त्याची विधवा भावजय. घर दिराचे, मागचे अंगणही दिराचे. ती बाई तिथे पाळणाघर चालवी. मुले तिला माई म्हणत, म्हणून आपणही माईच म्हणू. अकरा मुले होती. खोल्या इतक्या लहान की अकरा मुलांनी एकदम श्वास घेतला तर भिंती बाहेर येतील. त्यामुळे पाळणाघर खरे भरे ते मागच्या अंगणात, तुतीच्या झाडाखाली. तिथे चटया, तिथे पाण्याचा माठ, आणि खालच्या जाड फांदीला सर्वांत धाकट्या बाळाची झोळी. तुती पसरट आणि गर्द होती. भर दुपारी तिच्याखाली उन्हाचा एक ठिपका शोधून सापडत नसे.

दिराने नवी पांढरी मोटार घेतली होती आणि तुतीला फळे धरली होती. तुतीच्या फळाचा डाग तुम्हाला माहीत असेलच. रोज सकाळी मागच्या अंगणात उभ्या मोटारीवर जांभळे ठिपके. दीर बादली आणि फडके घेऊन बाहेर येई आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणे, "माझ्या गाडीला गोवर आलाय." त्याला मागच्या अंगणात गॅरेज हवे होते. माणूस दुष्ट नव्हता. आपल्या जागेत आपली मोटार ठेवायला आपण कुणाची परवानगी का मागावी, एवढेच त्याचे म्हणणे. माई त्याला समजावून थकली. झाड गेले की सावली गेली, सावली गेली की अकरा मुलांना कुठे बसवू, आणि मुले गेली की मी काय करू. दीर म्हणे, वहिनी, नियमात बसत असेल तर राहील झाड, नसेल तर जाईल, आपण दोघांनी कशाला भांडायचे.

त्याने नगरपालिकेला कळवले आणि काका, ताई आणि मी तिकडे गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा झोळीतले बाळ नुकतेच डोळा लागून झोपले होते. माईने ओठांवर बोट ठेवले. काकांनी बूट फाटकापाशीच काढले. चोरपावलांनी खोडाजवळ गेले, तिसऱ्या बटणाशी बोट टेकवले, मला अलगद फिरवून घेतले. माझ्यावर आकडा आला एकशे चौदा. काकांनी मनात दहा वजा केले आणि ताईंच्या कानाशी जाऊन कुजबुजले, "एकशे चार." ताईंनी मान हलवली, मनात दहा वजा केले आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिले, चौऱ्याण्णव.

बाळ जागे असते तर काका मोठ्याने बोलले असते. माईने ऐकले असते. पण बाळ झोपले होते आणि आम्ही सगळे इतके शहाण्यासारखे वागलो की आकडा कुणाच्याच कानावर पडला नाही. पानाखाली काकांनी सवयीने सही केली. आठ-दहा ओळींचे पान, त्यात एक ओळ तुतीची.

आठ दिवसांत दिराच्या हाती कागद आला. घेर चौऱ्याण्णव सेंटीमीटर, झाड संरक्षणात येत नाही. त्याने तो माईला दाखवला. माईने आपल्या शिवणाच्या टेपने झाड मोजले. एकशे चार. पुन्हा मोजले. एकशे चार. दीर म्हणाला, "वहिनी, तुमची टेप झबल्यांची. ती ताणते. त्यांची सरकारी आहे."

तोडणीवाला शनिवारी सकाळी अकराला येणार होता. शनिवारी दहालाच माईने एक सुतळी घेतली, खोडाला गुंडाळली, जिथे टोक जुळले तिथे घट्ट गाठ मारली आणि तेवढीच कापली. मुलांना झाडाखाली ठेवून जायची सोय नव्हती. म्हणून धाकट्याला काखेत घेतले, बाकीच्या दहा जणांना एका लांब दोरीला धरायला लावले आणि ती सगळी वरात घेऊन ती कचेरीत आली. आमच्या कचेरीने तेवढी गर्दी त्याआधी कधी पाहिली नव्हती. एकाने शिक्का उचलून स्वतःच्या हातावर मारला. दुसरा टेबलाखाली शिरला.

माईने सुतळी काकांच्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "झाड तर उचलून आणता येत नाही. हा त्याचा घेर आणलाय. तुमच्या सरकारी टेपनं मोजा, आणि मग मी गप्प बसते."

काकांनी मला बाहेर काढले. सुतळी सरळ केली, माझे टोक गाठीला लावले. मी दाखवले एकशे चौदा. काका म्हणाले, "एकशे चार."

ताईंनी नोंदवही उघडली, पान काढले आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे चौऱ्याण्णव. नोंदीत तेच आहे हो, माई. चूक नाही."

काकांनी वर पाहिले. "कसले चौऱ्याण्णव?"

"दहा वजा करून."

"दहा मी केले की वजा."

"तुम्ही करता?"

"मग कोण करणार?"

ताईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी खण उघडला, चिठ्ठी काढली आणि काकांपुढे ठेवली. काकांनी ती वाचली. हेडक्लार्कचे अक्षर. लिहिले होते: काका सांगतील त्या आकड्यातून नेहमी दहा वजा करून लिहावे. त्यांना कारण विचारू नये, त्यांना शेळीचा विषय आवडत नाही.

टेबलाखालून आवाज आला, "शेळी कुठंय?"

कुणी हसले नाही. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

मित्रांनो, त्या क्षणी काका गप्प राहू शकले असते. त्या वर्षअखेर ते निवृत्त होणार होते. एका झाडाची चूक कबूल केली की गेल्या तीन महिन्यांतली सगळी पाने उघडावी लागणार, वरिष्ठांना लेखी सांगावे लागणार, आणि शेळी पुन्हा साऱ्या कचेरीभर हिंडणार. हे सगळे त्यांच्या कपाळावर मला दिसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "ताई, काम थांबवायचा कागद लिहा. साहेबांची सही घ्या आणि घेऊन या. मी पुढे होतो." मग माईला म्हणाले, "झाड बसतंय नियमात. चूक आमची आहे. माझी."

माई बाकावर बसली आणि काखेतले बाळ तिने दुसऱ्या काखेत घेतले. एवढेच.

काकांनी सायकल इतकी जोरात कधी हाणली नव्हती. शबनममध्ये मी नुसती आदळत होते. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा करवतीचा आवाज कानावर आला.

तोडणीवाला वर चढला होता. मोटारीच्या बाजूची एक फांदी खाली पडलेली. दुसरीवर करवत लावलेली. काकांनी फाटकातूनच हात वर केले आणि थांब म्हणून सांगितले. तोडणीवाला थांबला, पण उतरेना. शांत माणूस होता. म्हणाला, "वर चढताना मला कागद दाखवलाय. उतरायलाही कागदच लागेल."

"कागद मागून येतोय."

"मग तोवर मी बसतो इथंच."

आणि तो खरेच फांदीवर पाय सोडून बसला.

दीर बाहेर आला. काकांनी त्याला काय झाले ते सांगितले. त्याचा विश्वास बसेना. बसणार तरी कसा? म्हणाला, "गेल्या आठवड्यात चौऱ्याण्णव आणि आज एकशे चार? माझं झाड आठ दिवसांत बाळसं धरतं का?" तोवर शेजारपाजारची माणसेही कुंपणापाशी जमली होती. काकांनी मला शबनममधून काढले, माझे कापलेले टोक सर्वांना दिसेल असे उंच धरले आणि शेळीसकट सगळी हकीकत सांगितली. सहा वर्षे जो शब्द ते टाळत होते तो त्यांनी अंगणात उभे राहून चार वेळा उच्चारला. लोक हसले. काकांनी हसू दिले.

मला शरम वाटली असेल, असे तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझे व्यंग उघड करून दाखवले होते आणि मला विलक्षण मोकळे वाटत होते.

दीर मात्र हट्टाला पेटला. या टेपचा भरवसा नाही म्हणाला आणि घरातून आपली लोखंडी टेप घेऊन आला. मोटारीच्या सामानात ठेवलेली, चकचकीत, सुरुवात शून्यापासून. काकांनी तिसऱ्या बटणाशी बोट टेकवून जागा दाखवली. दिराने स्वतः मोजले. मग डोळे बारीक करून पुन्हा मोजले.

"किती?" कुंपणापलीकडून कुणीतरी विचारले.

"एकशे चार," दीर म्हणाला. मग खरेपणाने पुढे जोडले, "आणि अर्धा."

वरून तोडणीवाला म्हणाला, "झाड चांगलं आहे हो." सगळ्यांनी वर पाहिले. कागदाची वाट पाहता पाहता त्याने हाताशी येतील तेवढ्या तुती खाल्ल्या होत्या आणि त्याचे तोंड, हनुवटी आणि सदऱ्याचा पुढचा भाग जांभळा झाला होता. दिराने त्याच्याकडे पाहिले, मग आपल्या मोटारीकडे पाहिले आणि त्यालाही हसू आवरेना.

थोड्या वेळाने ताई धापा टाकत कागद घेऊन आल्या. मागून दोरी धरून दहा मुले आणि माई. तोडणीवाल्याने कागद वरूनच वाचला, करवत खाली सोडली आणि उतरला. माई खोडापाशी गेली. पडलेल्या फांदीची पाने तिने एकीकडे सारली, चटई अंथरली आणि मुलांना म्हणाली, "चला, हात धुवा." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पुढे दिराने कायद्याप्रमाणे रीतसर अर्ज केला. तुतीवर तीस दिवस नोटीस झळकली. तिच्याखाली अकरा मुलांच्या आईबापांनी हरकती लिहून दिल्या, आणि एका मुलाने नोटिशीवरच झाडाचे चित्र काढले. समितीने नकार दिला, पण मोटारीवर येणाऱ्या फांद्या दरवर्षी छाटायची मुभा दिली. दिराने पुढच्या अंगणात पत्र्याची शेड बांधली. ते त्याला आधी का सुचले नाही, असे माईने त्याला विचारले. तो म्हणाला, "वहिनी, आधी तुम्ही एवढ्या भांडत होतात, विचार करायला वेळ कुठं होता?"

काकांनी वरिष्ठांना चूक कबूल करणारे निवेदन दिले. मग ते आणि ताई नोंदवही घेऊन बसले. ताई आल्यापासून मोजलेली झाडे निघाली एकोणीस. काकांनी ती सगळी पुन्हा मोजली. मी दिसेल ते सांगायचे, काकांनी ते जसेच्या तसे म्हणायचे, ताईंनी दोन्ही आकडे लिहायचे. तुतीखेरीज आणखी तीन झाडे चुकून संरक्षणाबाहेर गेली होती. त्यांतली दोन उभी होती. तिसरे सायकल दुकानामागचे, ते तीन आठवड्यांपूर्वी गेले होते. काका त्या बुंध्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग नोंदीतल्या आकड्यात दहा मिळवून खरा आकडा लिहिला आणि पुढे स्वतःच्या अक्षरात लिहिले, झाड नाही, चूक आमची. त्या ओळीवर माझा अजून जीव अडकतो.

काकांच्या निवृत्तीच्या आधी दोन दिवस कोठारातून नवी फीत आली. माझ्या नावापुढे बाद असा शिक्का पडला. बाद झालेल्या वस्तू मागच्या खोलीत गंजत पडतात. मीही पडले असते. पण ताईंनी साहेबांना विचारून मला पाळणाघराला देऊन टाकले. मुलांची उंची मोजायला माईने मला दाराच्या चौकटीला उभे ठोकले, उरलेली लांबी वर डबीतच राहिली. ठोकताना काकांनी जमिनीपासून दहा सेंटीमीटर जागा सोडून माझे टोक लावले. म्हणजे माझ्यावरचा प्रत्येक आकडा आता खराच असतो. कितीतरी मुले माझ्याशेजारी टाचा उंच करून उभी राहिली आहेत, आणि माईने कितीतरी टाचा खाली दाबल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत एखादे झाड असेल. त्याला वाचवणारा कायदाही बहुधा असेल. पण झाड काही कचेरीत येऊन आपला घेर सांगत नाही. कुणीतरी जाऊन त्याच्याभोवती हात घालावे लागतात. तुम्ही मोजायला जाल तेव्हा दोघे जा. आकडा मोठ्याने सांगा, कुणी झोपले असले तरी. आणि तो कसा काढला तेही सांगा, लाज न बाळगता. आपल्यातली एखादी उणीव दुसऱ्याला माहीत असेल, असे धरून चालू नका. अन् जुनी वस्तू फेकण्याआधी ती कुठून खरी लागते तेवढे एकदा पाहा. माझे एवढेच मागणे आहे.

आता त्या सगळ्यांचे पुढे काय झाले ते सांगते आणि थांबते.

हेडक्लार्कना चिठ्ठीचा प्रताप कळला तेव्हा ते माईकडे येऊन कान पकडून गेले. पुढे ते आपल्या लेकीच्या गावी राहायला गेले. तोडणीवाल्याने करवत सोडली नाही, पण तो झाडावर चढण्याआधी मालकाला घेर विचारू लागला आणि स्वतः मोजू लागला. त्याचा मुलगा आज एक रोपवाटिका चालवतो. ताई उद्यान विभागाच्या प्रमुख झाल्या. नोंदवहीत दिसलेला आकडा आणि खरा आकडा असे दोन रकाने त्यांनी सुरू केले, ते अजून चालू आहेत. दिराने पांढरी मोटार आठ वर्षांनी विकली. त्याची नात याच अंगणात वाढली आणि तिच्या सगळ्या फ्रॉकवर जांभळे डाग होते. तो आता नाही. झाडकाका निवृत्तीनंतर अकरा वर्षे होते. दर मार्चला सायकलवर येत, तपासणीला आलोय म्हणत आणि खिसा भरून तुती नेत. एका हिवाळ्यात ते झोपेतच गेले.

माई आता शहाऐंशी वर्षांची आहे. पाळणाघर तिची भाची चालवते. माई सकाळपासून तुतीखाली खुर्ची टाकून बसते. सावली सरकली की ती नुसता हात वर करते, आणि जे कुणी जवळ असेल ते येऊन खुर्ची सावलीत ओढून देते.